व्यायाम श्रमाच्या खात्यात धरावा की विश्रांतीच्या?

प्रश्न – अर्धविराम

गेले काही महिने एक प्रश्न मला सतावत आहे. वरवर पाहता तो शब्दच्छल वाटेल, परंतु माझ्या दिवसाची सगळी आखणी त्याच्या उत्तरापाशी अडून राहिली आहे, म्हणून तो सविस्तर मांडतो.

माझे वय ४१ आहे आणि मी हिशेब तपासणीचे काम करतो. दिवसाचे दहा-अकरा तास खुर्चीत जातात. कामाचा मला कंटाळा नाही. दोन दिवस जुळत नसलेली रक्कम एखाद्या संध्याकाळी जुळते, तेव्हा जे समाधान मिळते ते मला अन्यत्र क्वचितच मिळाले आहे. त्यामुळे 'काम कमी करा' हा सल्ला कृपया कोणी देऊ नये, निदान पहिल्याच प्रतिसादात देऊ नये. तपासणीत रक्तदाब थोडा चढा निघाल्यापासून मी रोज पाऊण तास व्यायाम करू लागलो आणि अडचण तेथूनच सुरू झाली.

व्यवसायाच्या सवयीने मी दिवसाकडेही ताळेबंद म्हणून पाहतो. हा पाऊण तास कोणत्या खात्यातून वजा करावा, हे मला ठरवता येत नाही. कामातून वजा केला तर काम रात्री उशिरापर्यंत लांबते. झोपेतून वजा केला तर दुसऱ्या दिवशी आकड्यांत चुका होतात, आणि आमच्या कामात चूक म्हणजे पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. मोकळ्या वेळातून वजा केला तर मोकळा वेळ उरतच नाही, कारण घाम गाळून आल्यावर मला विसावल्यासारखे वाटत नाही. यादीतले आणखी एक काम उरकल्यासारखे वाटते.

मध्यंतरी पाच दिवसांची रजा घेतली आणि ठरवून काहीही केले नाही. उशिरा उठलो, लोळलो, व्यायामालाही सुट्टी दिली. कामाचे ईमेल मात्र दिवसातून चार-पाच वेळा पाहत होतो, कारण मोबाइल हाताशीच होता. सहाव्या दिवशी कामावर गेलो तो रजेपूर्वी होतो त्याहून अधिक थकलेला होतो. रिकामे बसणे म्हणजेच विश्रांती, हे माझे गृहीतक तेव्हापासून डळमळले आहे.

शब्दांचे कुतूहल असल्यामुळे कोशही चाळून पाहिला. 'परिश्रम' आणि 'विश्रांती' हे दोन्ही शब्द 'श्रम्' या एकाच धातूपासून आलेले आहेत; म्हणजे श्रमाला वगळून विश्रांती हा शब्दच बनत नाही. 'सुट्टी'मध्ये सुटणे आहे, तर 'रजा' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि तेथे त्याचा अर्थ संमती असा आहे. 'व्यायाम' या शब्दात मात्र ताणणे, विस्तारणे हा अर्थ आहे, आणि तो मला ना श्रमाकडे ढकलता येतो ना विश्रांतीकडे. तेव्हा जाणकारांनी सांगावे: व्यायाम हा श्रम समजून त्याच्यासाठी वेगळी विश्रांती राखून ठेवावी, की तोच विश्रांती समजून कामाचा शीण त्याच्यावर घालवावा?


प्रतिसाद – संथ पाऊल

मी गेली १९ वर्षे लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवतो. आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर एका शब्दाचे आहे: श्रम. परंतु त्यामागचे कारण समजून घेतल्याशिवाय त्या उत्तराचा आपल्याला उपयोग होणार नाही.

व्यायामाच्या पाऊण तासात शरीर बलवान होत नाही, तेवढ्या वेळापुरते ते दुबळेच होते. स्नायूंतील ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने राखून ठेवलेल्या साखरेचा, साठा घटतो, वजन उचलण्यासारख्या व्यायामात स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि बैठका काढण्यापूर्वी जितका जोर लावता येत होता तितका त्या संपल्यावर लावता येत नाही, हे कोणालाही स्वतःवर पडताळून पाहता येईल. बळ येते ते पुढच्या तासांत. वजनाच्या व्यायामानंतर स्नायूंमधील प्रथिनांची बांधणी साधारण २४ ते ४८ तास नेहमीपेक्षा वेगाने चालू राहते. जवळजवळ रिता झालेला ग्लायकोजेनचा साठा पुन्हा भरण्यास एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. आणि सवय नसलेल्या व्यायामानंतरची अंगदुखी २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला पोहोचते. हे तास आपण व्यायामाच्या खात्यात धरलेलेच नाहीत. आपल्याच भाषेत सांगायचे तर खर्चाची नोंद झाली आहे, जमेची बाजू मात्र अजून लिहायची राहिली आहे.

माझ्याकडे येणारे नवखे धावपटू बहुधा हीच चूक करतात. पहिल्या महिन्यात त्यांचा वेग सुधारतो, म्हणून दुसऱ्या महिन्यात ते विसाव्याचा दिवस गाळतात, आणि तिसऱ्या महिन्यात वेग का घटला हे विचारायला येतात. त्या वेळी मी त्यांना सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी मोजायला सांगतो. विसाव्याच्या नाडीचे ठोके अनेक दिवस नेहमीपेक्षा अधिक राहणे, झोप मोडणे, क्षुल्लक कारणावरून चिडचिड होणे आणि तेवढ्याच कष्टात पूर्वीपेक्षा कमी अंतर कापले जाणे ही एकत्र दिसू लागली, की शरीराने मागितलेली उसंत त्याला मिळालेली नाही असे समजावे. ही अवस्था फार पुढे गेली तर सावरायला काही आठवडे, प्रसंगी काही महिने लागतात.

येथे एक गोष्ट बैठ्या काम करणाऱ्यांनीही लक्षात घ्यावी. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात उंदरांवरील प्रयोगांचे एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, शस्त्रक्रियेची इजा, अतिरेकी स्नायुश्रम, विषारी द्रव्ये अशी कारणे अगदी वेगवेगळी असूनही उंदरांच्या शरीराने दिलेला प्रतिसाद पुष्कळसा सारखा होता, असे त्यांना आढळले. पुढे या कल्पनेत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, तरी तिच्यातील व्यवहारोपयोगी भाग टिकून आहे. ज्या आठवड्यात आपण अकरा-अकरा तास ताणाखाली काम केले, त्या आठवड्यात व्यायामाचा भारही त्याच थैलीतून खर्च होतो. शरीर आपल्यासाठी दोन वेगळी खाती ठेवत नाही.

राहिला प्रश्न मात्रेचा, आणि येथे मला वाटते की आपण विनाकारण स्वतःला कोंडीत पकडले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार हालचाल करावी आणि किमान २ दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. रोज पाऊण तास केलाच पाहिजे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. इतकेच नव्हे, तर पूर्वीच्या शिफारशींतील हालचाल सलग किमान १० मिनिटांची असावी ही अटही २०२० मध्ये गळली. इंग्लंड व स्कॉटलंडमधील ६३,००० हून अधिक प्रौढांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून एक-दोनदाच व्यायाम करणाऱ्यांमध्येही मुळीच न करणाऱ्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. आणि दहा हजार पावलांचा जो धाक सर्वांना बसलेला आहे, तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या उपकरणाच्या नावातून आला, प्रयोगशाळेतून नव्हे.

मध्यम म्हणजे किती, यासाठी घड्याळ लागत नाही: चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. आयुर्वेदाचे प्राचीन ग्रंथकार वाग्भट यांनी तर बलवान माणसानेही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे सांगून ठेवले आहे. माझ्या स्पर्धक धावपटूंना ते मानवणार नाही, परंतु ज्याला आयुष्यभर व्यायाम करायचा आहे त्याच्यासाठी याहून नेमके माप मला माहीत नाही.


प्रतिसाद – भारवाही

चर्चा चांगली आहे, परंतु ती खुर्चीत बसणाऱ्यांची आहे. मी एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. आठ तासांच्या पाळीत मी किती वेळा वाकतो आणि किती ओझे उचलतो याची मोजदाद करणे मी केव्हाच सोडून दिले आहे. 'तुला व्यायामाची काय गरज, तुझा तर कामातच होतो' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की काही वर्षे माझाही त्यावर विश्वास बसला होता. वयाच्या ३६ व्या वर्षी कंबर धरली तेव्हा तो उडाला.

या विषयावर नंतर जे वाचले त्यात एक विसंगती आढळली आणि ती मला उद्बोधक वाटली. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढत-उतरत तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. हालचालीने हृदयाचे रक्षण होते या विचाराचा पाया येथे घातला गेला, आणि तो कामाच्या ठिकाणच्या हालचालीवर घातला गेला, हे विशेष. असे असूनही अलीकडच्या अनेक अभ्यासांत उलटे चित्र दिसते: मोकळ्या वेळात केलेल्या हालचालीचा जो लाभ दिसतो, तो कामावरच्या अंगमेहनतीत दिसत नाही. २०१८ मधील एका एकत्रित विश्लेषणात तर अत्यंत कष्टाची कामे करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. अशा कामांबरोबर गरिबी, धूम्रपान यांसारख्या इतर गोष्टीही येतात, त्यामुळे सगळा दोष मेहनतीच्या माथी मारता येत नाही, हे मला मान्य आहे.

तरीही संशोधक जी कारणे सुचवतात ती मला माझ्या पाठीवरून पटतात. ओझी उचलण्याचे काम हृदयाची क्षमता वाढण्याइतके जोमदार नसते, परंतु तासन्‌तास चालते. त्यामुळे नाडी आणि रक्तदाब दिवसभर चढे राहतात. एकाच बाजूला वाकणे, एकाच खांद्यावर भार घेणे चालूच राहते. आणि मध्ये उसंत किती घ्यायची हे काम करणारा ठरवत नाही. माझ्या मते खरी मेख येथे आहे. धावपटूला दम लागला की तो थांबतो. मला दम लागला तरी दाराशी गाडी उभी असते.

म्हणून 'संथ पाऊल' यांचे एका शब्दाचे उत्तर मला मान्य नाही. पाळी संपल्यावर मी २० ते २५ मिनिटे सावकाश पोहतो किंवा अंग ताणून घेतो. त्यात मी कोठे थांबायचे, कोणता सांधा किती वळवायचा, आज करायचे की नाही, हे सर्व माझ्या हातात असते. स्नायू तेच आहेत, परंतु हा वेळ मला श्रमाचा वाटत नाही. मला विचाराल तर ज्या हालचालीचे माप आपण स्वतः ठरवतो ती विश्रांतीकडे झुकते आणि ज्या हालचालीचे माप दुसरा ठरवतो ती श्रमाकडे. 'अर्धविराम' यांना आपला व्यायाम यादीतले काम वाटतो, तो बहुधा त्यांनी स्वतःच स्वतःवर मुकादम नेमल्यामुळे.


प्रतिसाद – कोरी पाटी

एवढी खाती, एवढ्या नोंदी! मला तर हा हिशेबच रोग वाटतो. मुले खेळतात तेव्हा ती व्यायाम करतात की विश्रांती घेतात, असे त्यांना कोणी विचारत नाही. वाटले तर चालावे, वाटले तर झोपावे.


प्रतिसाद – अर्धविराम

'कोरी पाटी' यांना नम्रपणे सांगतो की 'वाटले तर' या तत्त्वावर मी १५ वर्षे चाललो आणि त्या काळात मला एकदाही चालावेसे वाटले नाही.

'भारवाही' यांच्या शेवटच्या वाक्यावर मी दोन दिवस विचार करत आहे. माझ्या व्यायामाच्या वहीत तारीख, मिनिटे, फेऱ्या आणि 'शेरा' असा रकाना आहे. शेरा लिहिणारा आणि शेरा मिळवणारा एकच आहे, हे मला आजवर जाणवले नव्हते.


प्रतिसाद – दुपारची सावली

कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबाबत समुपदेशन करणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून आपल्या पाच दिवसांच्या रजेविषयी लिहिते. या धाग्यात व्यायामाची पुष्कळ चर्चा झाली, मात्र त्या रजेकडे कोणी वळले नाही, आणि मला तर प्रश्नाचा तोच भाग अधिक बोलका वाटला.

साबिने सोन्नेनटाग आणि शार्लोट्टे फ्रिट्झ यांनी २००७ साली कामाचा शीण कसा उतरतो हे मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात चार अनुभव वेगवेगळे मोजलेले आहेत: मनाने कामापासून दूर जाणे, अंगाला व मनाला सैलपणा लाभणे, कामाबाहेरचे काही नवे शिकण्यात किंवा जमवण्यात गुंतणे, आणि आपला वेळ कसा घालवायचा हे स्वतःच्या हाती असणे. आपल्या रजेत यांपैकी सैलपणा भरपूर होता. कामापासून दूर जाणे मात्र घडलेच नाही, कारण दिवसातून चार-पाच वेळा ईमेल पाहणारा माणूस शरीराने अंथरुणात आणि मनाने मेजापाशी असतो. अशा वेळी तो काम करत नाही आणि सोडतही नाही. नवे काही जमवण्याचा तर आपण प्रयत्नच केला नाही, उलट ज्या एका गोष्टीत ते घडत होते त्या व्यायामालाही सुट्टी देऊन टाकली. आपली रजा फुकट गेली याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

'भारवाही' यांनी स्वतःच्या अनुभवातून ज्याला माप ठरवणे म्हटले, तो या चौघांतील शेवटचा अनुभव होय. येथे मी त्यांच्या बाजूने आहे, मात्र एका पुरवणीसह. व्यायाम विश्रांती ठरतो तो केवळ माप आपल्या हाती असल्यामुळे नव्हे, तर तो मनाला कामावरून उचलून अन्यत्र नेतो म्हणूनही. धावत्या पट्ट्यावर चालत असताना कानाला दूरध्वनी लावून कामाचे बोलणाऱ्यांना मी पाहते. त्यांच्या पायांना व्यायाम होतो, परंतु त्यांच्या विश्रांतीच्या खात्यात काहीही जमा होत नाही.

आपल्यासारखे अनेक जण म्हणतात की इतके थकल्यावर व्यायामाची किंवा छंदाची उमेद राहत नाही. हा आळस नाही. सोन्नेनटाग यांनीच २०१८ मध्ये याला विरोधाभास म्हणून मांडले आहे: ताण जितका अधिक, तितकी मन सावरण्याची गरज अधिक, आणि नेमक्या त्याच वेळी काम डोक्यातून काढणे, हालचाल करणे व नीट झोपणे सर्वांत अवघड जाते. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना संध्याकाळच्या उमेदीवर विसंबू देत नाही. काम संपवताना दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि जे अपुरे राहिले ते उद्या केव्हा व कोठून सुरू करायचे, एवढेच कागदावर लिहावे. अपुऱ्या कामाची अशी निश्चित योजना केली, की त्याचे विचार मनात घुसण्याचे प्रमाण घटते, असे २०११ मधील काही प्रयोगांत दिसून आले आहे. काम पूर्ण करावे लागत नाही, त्याची जागा ठरवावी लागते. हिशेब तपासणाऱ्याला हे सहज पटावे.

मोठ्या रजेबद्दल एक कटू गोष्ट सांगते. रजेने माणसाला बरे वाटते हे खरे, परंतु कामावर परतल्यावर तो परिणाम काही आठवड्यांतच ओसरतो, असे या विषयावरील अभ्यास वारंवार दाखवतात. वर्षभराचा शीण एकाच रजेवर फेडण्याचा बेत म्हणून फसतो. त्याचा अर्थ रजा निरर्थक आहे असा नाही. रोज झोपल्यावरही आपण दुसऱ्या दिवशी दमतोच, म्हणून कोणी झोप सोडत नाही. तेव्हा रोजची संध्याकाळ, आठवड्याचा एक पूर्ण दिवस आणि वर्षातून काही सलग दिवस या तिन्ही मापांची विश्रांती लागते, आणि एकीची उणीव दुसरी भरून काढू शकत नाही.

'रजा' म्हणजे संमती, हे आपण लिहिलेत ते वाचून हसू आले, कारण माझ्याकडे येणारी निम्मी माणसे आपल्या हक्काची रजा मागतानाही अपराध्यासारखी बोलतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ च्या आपल्या पहिल्याच करारात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा औद्योगिक कामासाठी घातली, १९२१ मध्ये साप्ताहिक सुट्टीचा करार केला, आणि १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील २४ वे कलम विश्रांती, फुरसत आणि पगारी रजा यांना हक्क म्हणते. परवानगी कागदापुरती मागावी लागते, एवढेच.


प्रतिसाद – मंद्र सप्तक

'काम कमी करा' हा सल्ला पहिल्याच प्रतिसादात नको, असे आपण म्हटले होते. चार जणांनी लिहून झाले आहे, तेव्हा आता मी तो देतो.

मी व्हायोलिन शिकवतो, आणि मेहनतीचा महिमा आमच्या क्षेत्रात जितका गायला जातो तितका क्वचितच कोठे गायला जात असेल. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून लोकांनी फक्त हजारो तासांच्या रियाजाची गोष्ट उचलली. त्याच निबंधातील दुसरी गोष्ट मागे पडली. सर्वोत्तम विद्यार्थी एकट्याने करायचा रियाज दिवसाला सरासरी साडेतीन तास करत होते, तोही मध्ये विश्रांती घेत. आणि इतरांच्या तुलनेत ते दुपारी अधिक झोपत होते. संपूर्ण लक्ष देऊन करायचे काम दिवसाला चार तासांच्या पलीकडे फारसे ओढता येत नाही, असे लेखकांचे म्हणणे होते. माझ्या वर्गात सहा तास वाजवणारे विद्यार्थी आहेत. शेवटच्या दोन तासांत ते पहिल्या चार तासांत सुधारलेल्या चुका पुन्हा पक्क्या करतात.

आपले काम सुरांचे नाही, आकड्यांचे आहे, हे खरे. पण कारखान्यातील कामाचेही असेच आहे. पहिल्या महायुद्धातील ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्काव्हेल यांनी २०१४ मध्ये नव्याने तपासल्या. आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होते, पुढे वाढीचा वेग घसरत गेला आणि ७० तास काम करणाऱ्यांचे उत्पादन ५६ तास काम करणाऱ्यांहून फारसे निराळे नव्हते. म्हणजे १४ तास जवळजवळ वाया जात होते, आणि तेही युद्धकाळात, जेव्हा कोणी मुद्दाम आळस करत असण्याची शक्यता कमी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अहवालात तर आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्याशी संबंधित विकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे म्हटले आहे. आठवड्याचे पाच दिवस अकरा तास बसलात तर बरोबर ५५ होतात. आणि रक्तदाब चढा असल्याचे आपणच लिहिले आहे.

आपल्या कामावर आपले प्रेम आहे याबद्दल मला शंका नाही. पण जी रक्कम संध्याकाळी जुळते ती त्या दिवसाच्या अकराव्या तासाला जुळते, की दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी पहिल्या तासाला, हे वहीत एकदा नोंदवून पाहावे. शेऱ्याचा रकाना त्यासाठी वापरता येईल.


प्रतिसाद – अर्धविराम

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. 'मंद्र सप्तक' यांनी सुचवल्याप्रमाणे नोंद ठेवली. या काळात न जुळणाऱ्या नऊ नोंदी सुटल्या, त्यांपैकी सहा सकाळी अकराच्या आत; आठव्या तासानंतर एकच सुटली, आणि तिच्यातही मी दुसरी चूक करून ठेवली होती, जी पुढच्या सकाळी सापडली. एवढ्या थोड्या नोंदींवरून निष्कर्ष काढणे माझ्या व्यवसायाला शोभणारे नाही, तरीही सध्या साडेआठ तासांवर उठत आहे. उठण्यापूर्वी दहा मिनिटे उद्याचा कागद लिहितो. कागद लिहिला की ईमेल पाहण्याची ओढ कमी होते, नाहीशी मात्र होत नाही.

व्यायामाची वही बंद केली. आठवड्यातून तीन दिवस जोर-बैठका आणि भरभर चालणे करतो, आणि त्या दिवसांना मी 'संथ पाऊल' यांच्या म्हणण्याप्रमाणे श्रमाचे दिवस मानतो. त्यानंतरच्या रात्री झोपेतून काहीही वजा करत नाही. उरलेल्या दिवशी पाय नेतील तिकडे भटकतो आणि ते 'भारवाही' यांच्या व्याख्येत बसते. म्हणजे माझ्या मूळ प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली आणि दोन्ही एकाच आठवड्यात राहू शकतात, याचा मला हिशेबनीस म्हणून थोडा त्रास होत आहे.

एक अडचण शिल्लक आहे. वर्षअखेरीचे सहा आठवडे आमच्याकडे कामाचा डोंगर असतो आणि तेव्हा साडेआठ तासांत उठणे शक्य होणार नाही. त्या काळात व्यायाम पूर्ण सोडला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागेल अशी धास्ती वाटते, आणि चालू ठेवला तर थैली एकच आहे. काय करावे?


प्रतिसाद – संथ पाऊल

सोडू नये आणि पूर्ण मात्रेतही करू नये. कमावलेली क्षमता टिकवायला ती कमावण्यापेक्षा पुष्कळ कमी श्रम लागतात: दिवस आणि फेऱ्या कमी केल्या, पण जोर तोच ठेवला, तर ती कित्येक आठवडे टिकते. त्या सहा आठवड्यांत जोर-बैठका आठवड्यातून एकदाच काढाव्यात, भरभर चालण्याचा वेळ निम्म्यावर आणावा आणि वाचलेला सगळा वेळ झोपेला द्यावा, कामाला देऊ नये. भटकणे मात्र तसेच राहू द्यावे. 'भारवाही' यांचा मुद्दा मी आता मान्य करतो.